जोत्यातला मुरूम खचू नये म्हणून: दबाई आणि पाण्याचं प्रमाण

घर बांधून दोन पावसाळे होतात आणि हॉलच्या भिंतीलगतची फरशी बोटभर खाली गेलेली दिसते. स्कर्टिंगखाली फट पडते, टाइलवरून चाललं की पोकळ आवाज येतो. फरशीवाल्याला बोलावून टाइल्स उखडल्या जातात, पुन्हा बसवल्या जातात आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तीच फट परत उघडते. अशा वेळी बहुतेकदा खालचा मुरूम खचलेला असतो आणि तो खचण्याचं कारण भरावाच्या दिवशी त्यात किती पाणी होतं, यात असतं.

आपल्याकडे जोतं भरायची सर्रास पद्धत अशी: डंपरने मुरूम ओतायचा, जेसीबीने एकदम दोन-अडीच फूट भरून घ्यायचा, वर पाइप टाकून पाणी साचेपर्यंत सोडायचं आणि ‘पंधरा दिवस बसू दे’ म्हणून निघून जायचं. पाणी सोडल्यावर सैल मुरूम थोडा बसतो, हे खरं आहे. म्हणूनच ही पद्धत टिकून आहे. पण ही दबाई, म्हणजे जोर लावून माती घट्ट करणं, नव्हे. स्वच्छ, बिनमातीच्या वाळूत पाणी झरझर खाली उतरतं आणि कण नीट रचले जातात, तिथे ती चालून जाते. मुरमात चिकट बारीक माती असते. त्यात पाणी अडकतं, पोकळ्या पाण्याने भरून राहतात आणि वरून जोर न लावल्यामुळे त्या मिटत नाहीत. शिवाय खाली काळी माती असेल, तर सोडलेलं सगळं पाणी मुरत मुरत तिच्यात जातं आणि ती फुगते. एवढं नुकसान करून घेण्यापेक्षा थोडं मोजमाप करून दबाई करणं स्वस्त पडतं. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

पाणी मातीत काय करतं

मातीत तीन गोष्टी असतात: कण, पाणी आणि हवा. रोलरखाली कण आकसत नाहीत, पाणीही आकसत नाही. रोलर फक्त हवा बाहेर काढू शकतो. म्हणून दबाईचा सगळा प्रश्न हवेला बाहेर पडायला वाट मिळते की नाही, एवढाच आहे.

मुरूम कोरडा असला की कण एकमेकांवर घासतात आणि अडतात. त्यात थोडाच ओलावा असेल, तर कणांमधल्या पाण्याच्या पातळ पडद्यांचा ताण त्यांना जागच्या जागी ओढून धरतो. ढेकळं कडक राहतात आणि ढेकळांमधल्या पोकळ्या तशाच उरतात. पाणी वाढवत नेलं की हा ताण सैल होतो, चिकण भाग मऊ पडतो, कण सरकून जवळ येतात आणि घनता वाढते. एका मर्यादेनंतर मात्र उरलेली हवा बंद बुडबुड्यांत अडकते. तिथून पुढे घातलेलं पाणी कणांची जागा खातं आणि रोलरचा दाब कणांऐवजी पाणीच झेलतं. घनता उतरू लागते.

या दोन टोकांमधला शिखराचा बिंदू म्हणजे इष्टतम ओलावा. साइटवर त्याला सगळे ओएमसी म्हणतात आणि त्या ओलाव्याला मिळणाऱ्या सर्वांत जास्त कोरड्या घनतेला (पाणी वगळून, फक्त कणांच्या वजनाने काढलेल्या घनतेला) एमडीडी. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यात मातीच्या धरणांवर काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये हा संबंध मांडला, म्हणून हे दोन आकडे काढण्याची चाचणी ती प्रॉक्टर चाचणी.

घराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, कोरड्या बाजूला दाबलेला मुरूम दिसायला फार टणक असतो. त्यावर पहार आपटली तरी खणखणीत आवाज येतो. पण त्याचा बराचसा टणकपणा पाण्याच्या त्या पडद्यांच्या ताणाचा असतो. पुढे बाथरूमची गळती झाली किंवा पावसाळ्यात खालून ओल चढली की ताण नाहीसा होतो, आतल्या पोकळ्या मिटतात आणि भराव बसतो. वर सांगितलेली फरशी दोन पावसाळ्यांनंतर खचते ती यामुळे.

पहिलं काम: मुरूम ओळखा आणि प्रॉक्टर करून घ्या

खाणीवरून किंवा डोंगराच्या कटिंगमधून मुरूम घेण्याआधी त्याचं साधारण ४० किलोचं पोतं भरून प्रयोगशाळेत द्या. खाण बदलली की पुन्हा नमुना द्या. एकाच खाणीत वरचा पिवळा मातकट मुरूम आणि खालचा दगडी मुरूम यांचे आकडे वेगळे येतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी असलेल्या खाजगी मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये ही चाचणी होते.

चाचणी दोन प्रकारची असते आणि कोणती हवी, ते तुम्ही सांगायचं. माती तपासणीचं भारतीय मानक आयएस २७२०, त्याच्या भाग ७ मध्ये हलकी दबाई आहे: १००० घनसेंमीच्या साच्यात माती तीन थरांत भरायची, २.६ किलोचा ठोकणा ३१० मि.मी. उंचीवरून प्रत्येक थरावर २५ वेळा टाकायचा. भाग ८ मध्ये जड दबाई आहे: ४.९ किलोचा ठोकणा, ४५० मि.मी. उंची, पाच थर. जड चाचणीत मातीला साडेचार पट जास्त ऊर्जा मिळते. त्यामुळे तिची एमडीडी जास्त येते आणि ओएमसी कमी येतं. साइटवर हातधुम्मस (हाताने उचलून आपटायचा ठोकणा) किंवा छोटा प्लेट कॉम्पॅक्टर असेल तर हलकी चाचणी जवळची, १० टनी व्हायब्रेटरी रोलर असेल तर जड. जड चाचणीच्या ओएमसीवर मुरूम आणून त्यावर हातधुम्मस चालवलं, तर तो मुरूम त्या धुम्मसासाठी कोरडाच असतो. कागदावर आकडा बरोबर आणि भराव सैल, असं होतं ते याच गोंधळातून.

मुरमाच्या चाचणीचे आकडे कसे वाचायचे, ते एका उदाहरणावरून पाहू:

ओलावा ६ टक्के – ओली घनता १.८९ – कोरडी घनता १.७८
ओलावा ८ टक्के – ओली घनता २.०० – कोरडी घनता १.८५
ओलावा १० टक्के – ओली घनता २.१० – कोरडी घनता १.९१
ओलावा १२ टक्के – ओली घनता २.१५ – कोरडी घनता १.९२
ओलावा १४ टक्के – ओली घनता २.१२ – कोरडी घनता १.८६

घनता ग्रॅम प्रति घनसेंमी आहे. कोरडी घनता काढताना ओल्या घनतेला एक अधिक ओलावा याने भागायचं, २.१० भागिले १.१० म्हणजे १.९१. हे बिंदू आलेखावर मांडून गुळगुळीत वक्र काढला की शिखर ११ टक्क्यांच्या आसपास १.९३ वर येतं. १० वरून १२ टक्क्यांवर जाताना ओली घनता चांगली वाढलेली दिसते, कोरडी मात्र जवळपास तिथेच आहे. वाढलेलं वजन पाण्याचं आहे. म्हणून ठेकेदाराने ‘घनता २.१५ आली’ असं सांगितलं, तर ती ओली की कोरडी, हे आधी विचारा.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या मातीचा भराव असेल, तर लॅबला आवर्जून सांगा की नमुना भट्टीत पूर्ण वाळवून मग पाणी मिसळू नका. जांभ्याच्या अनेक माती एकदा पूर्ण वाळल्या की पूर्ववत होत नाहीत, बारीक कण एकमेकांना चिकटून राहतात आणि ओएमसी चुकीचं येतं. नैसर्गिक ओलाव्यापासून हळूहळू वाळवत किंवा भिजवत चाचणी करणं तिथे योग्य.

दुसरं काम: आज मुरमात किती पाणी आहे

हे साइटवर अर्ध्या तासात कळतं. ढिगाच्या वरचा वाळलेला थर बाजूला सारून आतला नमुना घ्या. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ५०० ग्रॅम मोजा, पसरट कढईत मंद आचेवर सतत हलवत वाळवा. वाफ थांबली असं वाटलं की वर थंड काच धरा. काचेवर धुकं आलं नाही, तर वाळलं. गार झाल्यावर पुन्हा वजन करा. समजा ४५५ ग्रॅम भरलं. ४५ ग्रॅम पाणी गेलं. ओलावा म्हणजे ४५ भागिले ४५५, जवळजवळ ९.९ टक्के. भागाकार नेहमी कोरड्या वजनाने करायचा. ५०० ने भागलं तर ९ टक्के येतात आणि पाण्याचा सगळा हिशोब चुकतो. प्रमाण पद्धत भट्टीत १०५ ते ११० अंशांवर २४ तास वाळवण्याची आहे. पहिल्या दिवशी एक नमुना लॅबला देऊन आपल्या कढईचा आकडा त्याच्याशी पडताळून घ्या. आच मोठी ठेवली तर चिकण मातीतलं बांधलेलं पाणी आणि सेंद्रिय भागही जळतो, आकडा फुगतो.

मुठीची परीक्षाही करत राहा. मूठभर मुरूम घट्ट आवळा. मूठ उघडताच सुटला, तर कोरडा. गोळा टिकला आणि अंगठ्याने दाबल्यावर दोन-तीन तुकड्यांत तुटला, तर जवळपास बरोबर. तळवा ओला झाला किंवा गोळा चिखलासारखा दबला, तर जास्त. मातकट मुरमात ही परीक्षा विश्वासाची आहे. दगडी, वाळूसर मुरमात गोळाच होत नाही, तिथे कढईच हवी.

तिसरं काम: पाणी मोजून घाला, आणि आदल्या दिवशी घाला

समजा ४ बाय ५ मीटरची खोली आहे आणि दबाईनंतरचा थर १५० मि.मी.चा हवा आहे. घनफळ ३ घनमीटर. कोरडी घनता १.८५ धरली, तर कोरडा मुरूम सुमारे साडेपाच टन. ओलावा ५ टक्के आहे आणि ११ टक्के हवा आहे, म्हणजे ६ टक्के कमी. साडेपाच टनांचे ६ टक्के म्हणजे ३३० लिटर. २०० लिटरच्या पिंपाने दीड पिंपाहून थोडं जास्त. एप्रिल-मेच्या उन्हात पसरताना आणि मिसळताना एखाद-दोन टक्के उडून जातं, तेवढं वाढवा. पाइप सोडून दिला, तर यापेक्षा किती जास्त पाणी जातं, हे एकदा मोजून पाहा.

हे पाणी दबाईच्या वेळी वरून मारायचं नाही. वरून मारलेलं पाणी वरचा इंचभर थर ओला करतं, खालचा कोरडाच राहतो, आणि ओला वरचा भाग रोलरला किंवा धुम्मसाला चिकटून उचलला जातो. आदल्या संध्याकाळी ढिगाऱ्यातच झारीने थराथराने पाणी द्या, जेसीबीने किंवा फावड्याने दोनदा उलथापालथ करा आणि ताडपत्री टाकून रात्रभर ठेवा. ढेकळांच्या आतपर्यंत ओल पोचायला वेळ लागतो. लॅबमध्येसुद्धा चिकण मातीला पाणी मिसळल्यावर सुमारे १६ तास बंद डब्यात ठेवतात. माझ्या मते संपूर्ण कामात सर्वांत जास्त फरक या एका रात्रीने पडतो, आणि तीच सर्वांत आधी गाळली जाते. सकाळी ताडपत्री काढून ढिगाचा वरून, मधून आणि तळातून नमुना घ्या. तिन्ही आकड्यांत दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर अजून एकदा उलटा.

चौथं काम: थर आणि दबाई

हातधुम्मस असेल, तर सैल थर १०० मि.मी. ठेवा. प्लेट कॉम्पॅक्टर किंवा उड्या मारणारा रॅमर असेल, तर १५० मि.मी. मोठा व्हायब्रेटरी रोलर असेल, तरी दबलेला थर २०० मि.मी.च्या पुढे नेऊ नका. भिंतीवर आतून खडूने प्रत्येक थराच्या रेघा आखून ठेवा, म्हणजे गवंड्याशी वाद होत नाही. ७५ मि.मी.हून मोठे दगड बाहेर काढा. त्यांच्या बगलेतला मुरूम कधीच नीट दबत नाही.

दबाई कडेने सुरू करून मध्याकडे या, आणि कोपरे व भिंतीलगतची हातभर पट्टी हातधुम्मसाने वेगळी करा. फरशी बहुतेक तिथेच खचते, कारण यंत्र भिंतीला टेकत नाही. ताज्या बांधकामाला लागून जड रोलर मात्र अजिबात नेऊ नका. जोत्याची भिंत बाहेर ढकलली जाते.

किती फेऱ्या? सुरुवातीला प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर घनता तपासा आणि ती वाढायची थांबली की तो आकडा पक्का धरा. सह्याद्रीच्या बेसॉल्टचा कुजका, मऊ मुरूम असेल, तर गरजेपेक्षा जास्त फेऱ्यांनी खडे फुटून पीठ होतं. बारीक भाग वाढला की ओएमसीही वाढतं, आणि बरोबर ओलाव्याचा मुरूम आपोआप कोरड्या बाजूला सरकतो.

रोलर पुढे गेल्यावर जमीन गादीसारखी दबून मागे पुन्हा उठत असेल, तर ओलावा जास्त आहे. तिथे फेऱ्या वाढवून काहीही होत नाही, उलट बिघडतं. थर उखरा, दिवसभर वाळू द्या, दोनदा पालटा. घाई असेल तर कोरडा मुरूम मिसळा. चाकामागे धूळ उडत असेल, वर बारीक भेगा पडत असतील आणि कडा सुटत असतील, तर कोरडा आहे. तेव्हाही वर पाणी शिंपडून भागवू नका, उखरून पाणी मिसळा.

पाचवं काम: खड्डा करून खात्री

प्रत्येक खोलीत, प्रत्येक थरावर निदान एक खड्डा. मऊ मातीत कोअर कटर (जमिनीत ठोकून नमुना काढायचं नळकांडं) चालतो, पण खड्यांच्या मुरमात तो ठोकताना माती उसवते. तिथे वाळू भरून घनफळ मोजण्याची पद्धत, आयएस २७२० भाग २८ वापरा. लॅबचा माणूस रोज परवडत नसेल तर घरच्या घरी असं करा: साधारण १५ सेंमी रुंद, १० सेंमी खोल खड्डा काळजीपूर्वक कोरा, निघालेला कणन् कण पिशवीत भरून वजन करा. खड्ड्यात पातळ प्लॅस्टिक नीट बसवा आणि काठापर्यंत मोजून पाणी भरा. समजा पाणी १.८० लिटर मावलं आणि मुरूम ३.७२ किलो निघाला. ओली घनता २.०७. कढईत ओलावा १० टक्के आला, तर कोरडी घनता १.८८. प्रयोगशाळेची एमडीडी १.९३, म्हणजे दबाई सुमारे ९७ टक्के.

रस्त्यांच्या केंद्रीय मानकांत भरावाला किमान ९५ टक्के आणि वरच्या सबग्रेडला (रस्त्याच्या खडीच्या थरांखालच्या मातीच्या थराला) ९७ टक्के मागतात, तेही जड चाचणीच्या तुलनेत, आणि ओलावा ओएमसीपेक्षा १ टक्का जास्त ते २ टक्के कमी एवढ्याच मर्यादेत ठेवायला सांगतात. घराच्या जोत्याला हलक्या चाचणीच्या ९७ टक्के मिळाले तर मी समाधानी असतो, पण ओलावा ओएमसीच्या वर अर्धा-एक टक्का असावा असा आग्रह धरतो. घनता तीच असली तरी ओल्या बाजूला दाबलेला भराव पुढे पाणी लागल्यावर कमी बसतो. आकडा १०० टक्क्यांहून बराच जास्त आला, तर खूश होऊ नका. लॅबच्या साच्यात मोठे खडे घेत नाहीत, तुमच्या खड्ड्यात ते आले असतील. खडे वगळून पुन्हा हिशोब करा.

काळी माती, शेततळं आणि शेत

काळी माती जोत्यात भरूच नका, कितीही चांगली दाबली तरी. खरं तर चांगली दाबलेली काळी माती जास्त फुगते, विशेषतः कोरड्या बाजूला दाबली असेल तर, कारण तिला अजून पाणी हवं असतं आणि आत रिकामी जागा उरलेली नसते. रस्त्याच्या सबग्रेडमध्येही ती चालत नाही. तिच्यावरच घर बांधायचं असेल, तर मधे चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा दबलेला थर देतात; आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर केलेल्या संशोधनातून हा उपाय आला आणि कालव्यांच्या कामात रुजला.

शेततळ्याच्या किंवा पाझर तलावाच्या बांधात मात्र हिशोब उलटा होतो. तिथे गाभ्यातल्या चिकण मातीने, म्हणजे हार्टिंगने, पाणी अडवायचं असतं. चिकण माती ओएमसीच्या एक-दोन टक्के वर दाबली की तिचे कण सपाट रचले जातात, पोकळ्या बारीक होतात आणि पाझर फार कमी होतो. थोडी घनता गेली तरी चालेल, पण कोरडी ढेकळं भरून रोलर फिरवू नका. ढेकळांमधल्या फटींतून पाणी वाट काढतं आणि बांध आतून पोखरला जातो. नवा थर घालण्याआधी खालचा थर उखरून ओला करा, नाहीतर दोन थरांच्या मधून गळती लागते. गाभ्याबाहेरच्या आवरणाला, म्हणजे केसिंगला, मुरूम आणि तिथे वरचीच पद्धत.

शेतकऱ्याला हाच वक्र वेगळ्या कारणाने ठाऊक असायला हवा. वाफसा येण्याआधी, जमीन ओली असताना उसाने भरलेली ट्रॉली शेतात घातली, तर त्या ओलाव्याला माती दबाईला अगदी तयार असते. नांगराच्या खाली कडक थर बसतो, मुळं त्यात शिरत नाहीत आणि पुढच्या पावसाचं पाणी वर साचतं. गाडीवाट शेताच्या एका कडेला ठरवून टाकणं आणि दोन दिवस थांबणं, एवढंच पुरतं.

जोत्याकडे परत येऊ. शेवटचा थर तपासून झाला की तो उघडा ठेवू नका. दोन दिवसांच्या उन्हात वरचा इंच-दीड इंच वाळून भेगाळतो, सैल होतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी सोलिंग किंवा कोब्याचं काँक्रीट टाका. जमत नसेल तर ओली गोणपाटं आणि त्यावर ताडपत्री पसरा. प्लंबिंगचे चर आधी खोदून, पाइप टाकून, पाण्याच्या दाबावर तपासून मगच वरचा थर घ्या. नंतर खोदलेला चर मजूर सैल मुरमाने भरतात, आणि वर्षभरात फरशीवर नेमकी त्या पाइपाची रेघ उमटते. चर भरायचा झालाच, तर तोही १०० मि.मी.च्या थरांत, बरोबर ओलाव्याच्या मुरमाने आणि हातधुम्मसाने.